चुलीपासून ओट्यापर्यंत

चुलीचा धोका लपून राहत नसे. लाकूड ओलं असलं की धूर डोळ्यांत जायचा, निखारा उडाला की चटका बसायचा, जाळ मोठा झाला की भिंत काळी पडायची. जाळ फुरफुरला की आमच्याकडच्या बायका म्हणत, आज पाहुणा येणार. चूल कशी सांभाळायची हे कुणी पुस्तकात वाचलं नाही. आईच्या शेजारी बसून मुलगी ते शिकली. चुलीनं बायकांची फुप्फुसं आणि डोळे खाल्ले हे खरंच आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत धुराड्याची मगन चूल तयार झाली ती त्याचसाठी. पण चूल केव्हा भडकेल याचा अंदाज तिच्यापुढे बसणाऱ्या बाईला असायचा. गेल्या दीडशे वर्षांत आपल्या स्वयंपाकघरात जी नवी इंधनं आली, त्यांचा धोका असा डोळ्यांना दिसत नाही. तो कुणीतरी सांगावा लागतो. तो कुणी सांगितला आणि कुणाला सांगितला, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले १८६५ मध्ये. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून हा वायू काढत. लालबागला त्याचा कारखाना होता आणि तिथल्या गल्लीला गॅस कंपनीचं नाव चिकटलं. रस्त्यांसाठी आलेला हा वायू पुढे काही जुन्या इमारतींच्या स्वयंपाकघरांतही नळानं पोचला. त्यात कार्बन मोनॉक्साइड असे, म्हणजे न पेटता खोलीत साठला तरी तो जीव घेई. मात्र त्याला स्वतःचा उग्र वास होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. सर्वसामान्य मराठी घरात हा नळ काही गेला नाही. तिथं चुलीनंतर आली कोळशाची शेगडी, आणि मग आला स्टोव्ह.

स्वीडनच्या लिंडक्विस्टनं १८९२ मध्ये प्रायमस स्टोव्ह काढला. पितळेची टाकी, तिला पंप, वर बर्नर. टाकीत हवा भरली की रॉकेल नळीतून वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि ती वाफ बारीक छिद्रातून बाहेर पडून निळी जळते. सगळी गंमत 'तापलेल्या' या शब्दात आहे. बर्नर आधी काकड्यानं नीट तापवला नाही आणि घाईनं पंप मारला, तर छिद्रातून वाफेऐवजी पातळ रॉकेल उडतं आणि भडका होतो. पेटत्या किंवा गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतलं, तरी तेच. छिद्र तुंबलं की पत्र्याच्या पट्टीला लावलेली पिन घालायची. ती पिन प्रत्येक घरात खिळ्याला टांगलेली असे. रमजानात पहाटे सहरीसाठी स्टोव्ह पेटला की त्या आवाजानं आमची आख्खी चाळ जागी व्हायची. शेजारी कधी तक्रार करत नसत. त्याच आवाजात त्यांची पाणी भरायची वेळ होई.

पण या स्टोव्हचं दुसरंही एक नाव वर्तमानपत्रांत झालं. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत आतल्या पानावर दोन ओळींची बातमी असायची, स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. साड्या तोवर नायलॉनच्या झाल्या होत्या. सुती लुगडं पेटलं तर ओढून फेकता तरी येई. नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. म्हणजे खरे अपघात होतच होते, आणि ते होत होते म्हणूनच खोटे अपघात खपून जात. स्टोव्ह घरातल्या सुनेवरच कसा भडकतो, सासूवर का नाही, हा प्रश्न त्या काळी उघडपणे विचारला गेला. १९८३ मध्ये दंडविधानात ४९८-अ हे कलम आलं आणि १९८६ मध्ये ३०४-ब. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई भाजून किंवा अशाच संशयास्पद प्रकारे मेली, आणि त्याआधी तिचा हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर तो हुंडाबळी मानला जाऊ लागला. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यातही या तरतुदी आहेत. स्वयंपाकाच्या एका साधनाच्या मागे कायद्याला इतकं यावं लागलं. माझ्या मते आपल्या स्वयंपाकघराच्या इतिहासातलं हे सर्वांत काळं पान आहे, आणि पाककृतींच्या पुस्तकांत ते कुठेच नसतं.

टाकीतला गॅस मुंबईत आला १९५५ मध्ये. बर्मा शेल कंपनीनं तो 'बर्शेन' या नावानं विकायला सुरुवात केली; त्याच वर्षी तिचा तुर्भ्याचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला होता. इंडियन ऑइलचा इंडेन १९६५ मध्ये कोलकात्यात निघाला. पुढे १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा शेल सरकारच्या ताब्यात आली, आणि गॅसचं कनेक्शन ही नंबर लावून मिळवायची वस्तू झाली. वर्षानुवर्षं नंबर लागत नसे. खासदारांच्या कोट्यातली कूपनं मिळवण्यासाठी ओळखी काढल्या जात. टाकी घरी आली की तिला हळदकुंकू लावून नारळ फोडणारी घरं मी पाहिली आहेत. सुरुवातीला मात्र लोक बिचकले होते. गॅसवरच्या अन्नानं पोटात गॅस होतो, असं छातीठोकपणे सांगणारे शहाणे गावोगावी होते!

गॅसनं एक मोठा बदल केला, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. त्यानं बाईला उभं केलं. चूल जमिनीवर, शेगडी जमिनीवर, स्टोव्हही जमिनीवर. स्वयंपाक म्हणजे पाटावर बसून करायचं काम. गॅसचा नियम निराळा आहे. टाकीतला वायू म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. तो हवेपेक्षा जड, जवळजवळ दुपटीनं. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, उंबऱ्याशी साठतो, कोपऱ्यात थांबतो. म्हणून शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी आणि टाकी खाली, उभी. टाकी आडवी केली तर वाफेऐवजी पातळ गॅसच नळीत येतो, आणि एक लिटर पातळ गॅसाची सुमारे अडीचशे लिटर वाफ होते. यातून आपल्याकडे घरोघर ओटा आला. आमच्या नानीला तो अखेरपर्यंत मानवला नाही. सोलापूरकडची ती बाई, कडक भाकऱ्यांची चवड बसून थापणारी. उभ्यानं थापलेल्या भाकरीला हात लागत नाही, म्हणायची. गुडघ्यांना आराम पडला, हेही मग हळूच कबूल करायची.

ओटा आला, पण ओटा असा का, हे बहुतेक घरांत कुणी सांगितलंच नाही. ज्याला ते माहीत नाही तो ओट्याखाली टाकीला दार लावून कपाट करतो, आणि गळलेला वायू त्या कपाटात कोंडतो. दार हवंच असेल तर त्याला अगदी खाली, जमिनीलगत जाळी हवी. शेगडी खिडकीच्या थेट समोर ठेवली तर वाऱ्यानं ज्योत विझते आणि गॅस चालूच राहतो. वर लाकडी फळी नको, शेजारी पडदा नको. नळी शेगडीच्या मागून तापत जायला नको आणि दीड मीटरहून लांब नको.

आमच्या घरी गॅस आला तेव्हा जोडणीला आलेल्या माणसानं सगळ्या सूचना अब्बांना सांगितल्या, त्याही दारात उभं राहून. कागदावर सही अब्बांची, पुस्तिका अब्बांच्या हातात. अब्बांनी आयुष्यात कधी चहा केला नव्हता. अम्मी आतल्या दाराशी उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. तिला शिकवलं ते वरच्या मजल्यावरच्या काकूंनी. "भाभी, आधी काडी ओढायची, मग चावी फिरवायची. उलटं केलं तर फस्सकन अंगावर येतो." हाताशी लायटर असला तरी नियम तोच, ठिणगीची तयारी आधी. रात्री निजताना शेगडीची चावी बंद केली तरी टाकीवरचा रेग्युलेटर बंद करायचा, हेही काकूंचंच. महाराष्ट्रातल्या लाखो स्वयंपाकघरांत गॅसचं शिक्षण असंच झालं असणार, जिन्यावरून आणि भिंतीपलीकडून. कनेक्शन ज्याच्या नावावर त्याला माहिती मिळाली, आणि ज्योत जिच्या पदराशी ती ऐकीव माहितीवर राहिली.

चूल फुरफुरायची, स्टोव्ह घरघरायचा. गॅस गप्प असतो. टाकीत भरतात तो वायू मुळात दिसत नाही आणि त्याला सांगण्यासारखा वासही नसतो. मग आपल्याला येतो तो वास कसला? त्याची किंमत अमेरिकेतल्या एका गावानं मोजली आहे. टेक्सासमध्ये न्यू लंडन नावाचं गाव, तेलाच्या विहिरींमुळे सधन झालेलं. तिथल्या शाळेनं खर्च वाचवायला तेलक्षेत्रातून वाया जाणारा नैसर्गिक वायू नळानं आणला होता. तो इमारतीखाली गळून साठत होता आणि वास नसल्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी लाकूड घासायच्या विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि शाळा उडाली. जवळजवळ तीनशे जण गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर टेक्सासनं वायूत वास मिसळणं सक्तीचं केलं आणि ती रीत पुढे जगभर रुळली. कोळशाच्या वायूला जे निसर्गतः होतं, ते इथं मुद्दाम घालावं लागलं. आपल्या टाकीत त्यासाठी इथाइल मरकॅप्टन घालतात. हवेत सुमारे दोन टक्के गॅस झाला की तो पेटू शकतो. वास त्याच्या कितीतरी आधी नाकाला कळावा, असं त्याचं प्रमाण ठेवलेलं असतं.

तो वास कुजक्या कोबीसारखा, सडक्या कांद्यासारखा. आता आपल्या स्वयंपाकघरात लसणाची फोडणी, सुकट, उग्र मसाले. सर्दी असली की नाक बंद. म्हणून गळती बघायला साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला की गळती. काडी पेटवून बघणारे महाभाग आजही आहेत. वास आला तर दिव्याचं बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडते. विझवायचं ते सगळं विझवायचं, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, टाकीच्या तोंडाला दोरीनं बांधलेली टोपी बसवायची आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करायचा. ती टोपी बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी दोरी कापून फेकून देतात. आणखी एक गोष्ट टाकीवरच लिहिलेली असते आणि वाचली जात नाही. कड्याखालच्या पट्टीवर आतल्या बाजूला ए, बी, सी किंवा डी हे इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जून, सी म्हणजे सप्टेंबर, डी म्हणजे डिसेंबर. त्या मुदतीनंतर टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी परत करायची, टाकी आणणारा कितीही घाईत असला तरी. तोंडातली काळी रबरी चकती नीट आहे ना, हेही त्याच्यासमोरच बघून घ्यायचं.

साफसफाईचा भाग बायकांना सांगायची गरज नाही. पितळी बर्नर चिंचेनं उजळवणं त्यांनीच शोधलं. मात्र आपल्याकडे भाकरी थेट ज्योतीवर फुगवतात, तिचं पीठ बर्नरच्या छिद्रांत बसतं. वर दूध उतू गेलं की त्याची खळ होते. ज्योत पिवळी झाली, भांड्याचं बूड काळं पडू लागलं, की समजावं हवा कमी पडते आहे. बर्नर गार झाल्यावर काढून धुवावा, पूर्ण वाळवून मगच बसवावा. आतल्या बारीक तोटीत मात्र स्टोव्हच्या सवयीनं पिन घालू नये. ते छिद्र मोठं झालं की गॅस जास्त सुटतो. नळी ओल्या फडक्यानं पुसावी, तिच्यावर कापडी आवरण किंवा चिकटपट्टी नको, भेग झाकली जाते. तारेची जाळी असलेली ती नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची असते.

मुंबईत १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि पुन्हा नळाचा गॅस आला, यावेळी नैसर्गिक वायू. तो हवेपेक्षा हलका. गळला तर छताकडे जातो, म्हणून त्याला झरोका वर हवा. टाकीच्या घरातून नळाच्या घरात राहायला गेलेल्यांनी हे उलटं गणित ध्यानात घ्यावं. विजेच्या शेगडीला गळतीचा प्रश्न नाही, पण तिला अर्थिंगचा तीन पिनांचा जाड प्लग हवा आणि ओल्या हातानं तिला शिवायचं नाही.

१ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलिया इथं उज्ज्वला योजना सुरू झाली. तिच्यात कनेक्शन घरातल्या बाईच्या नावावर देतात. त्या कागदावर नाव आणि सही तिची. अशी काही घरं माझ्या ओळखीची आहेत. एका घरी मी विचारलं, गॅसच्या सूचना कुणाला सांगितल्या? ती म्हणाली, "कार्ड माझं आहे, पण फोन नंबर ह्यांचा दिलाय. गॅसवाला ह्यांनाच फोन करतो."