टिकणे आणि सोडणे

परवा भाचीचा फोन आला, "मावशी, शाळेचा राजीनामा दिला." नऊ वर्षांतली ही तिसरी शाळा. मी लगेच ऐकवले, "आम्ही एकाच शाळेत तेहतीस वर्षे काढली गं!" फोन ठेवला आणि आठवली ती आमच्या नागपूरची एम्प्रेस मिल. लहानपणी तिच्या भोंग्यावर आम्ही घड्याळ लावायचो.

जमशेटजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले तो हाच दिवस, म्हणून नाव एम्प्रेस. पण सुरुवातीला कामगार काही टिकून काम करीनात. आज आले तर उद्या गैरहजर. भोंग्यावर जगायची सवय होती कुणाला? शेती, सणवार, लग्नकार्ये... माणसे निघून जात.

दंड करणे, काढून टाकणे हे सोपे होते. जमशेटजींनी दुसरा मार्ग धरला. चांगल्या कामाला बक्षिसे ठेवली. १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू केला. १८९५ पासून अपघात झालेल्या कामगाराला भरपाई मिळू लागली. देशात असा कायदा आला तो १९२३ साली! म्हातारपणी काय, हात तुटला तर काय, या दोन प्रश्नांना गिरणीने उत्तर दिले, तशी माणसे रुजली.

आणि शेवट? २००२ साली गिरणी बंद पडली. शेवटपर्यंत थांबलेल्यांनी गिरणी सोडली नव्हती, गिरणीनेच त्यांना सोडले. तेव्हा निष्ठा काय ती नोकरानेच दाखवायची, हे काही खरे नाही.

आता माझेच सांगते. १९८३ साली आई आजारी असताना मला रजा नाकारली गेली. त्या रात्री मी राजीनामा लिहिला. तो पर्समध्ये घेऊन महिनाभर शाळेत गेले, पण दिला नाही. मुले लहान होती, पुढे पेन्शन दिसत होती. शाळेवरचे प्रेम होतेच, पण मला थांबवले ते पेन्शनने.

भाचीची नोकरी १ नोव्हेंबर २००५ नंतरची. आमची ती जुनी पेन्शन तिला नव्हतीच. मग तिला बांधून ठेवणारे तिथे होते तरी काय, हे मी विचारलेच नाही!

संध्याकाळी पुन्हा फोन केला. म्हटले, "का सोडलीस, ते सांग. मी ऐकते."

ती बराच वेळ बोलत होती.