मुरुमाची वाट कोणाची?

मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिक सोडून वीसेक किलोमीटर गेले की ओझर येते. १९६४ मध्ये येथे मिग विमानांचा कारखाना सुरू झाला आणि बाणगंगेकाठच्या या गावाला लोक ‘ओझर मिग’ म्हणू लागले. महामार्गावरून जाणाऱ्याला कारखाना, विमानतळ आणि उड्डाणपूल एवढेच दिसते. पण रस्ता सोडून उत्तरेला दिंडोरीच्या अंगाने वळले, की डांबर संपते, द्राक्षबागांच्या मधून मुरुमाची वाट सुरू होते आणि समोर क्षितिजावर सातमाळा रांगेचे सुळके उभे राहतात.

जाड टायरांच्या, वाकड्या हँडलच्या ज्या सायकलींना ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात, त्या अशाच वाटांसाठी घडवलेल्या आहेत. नाशिक हे तसे सायकलवेड्यांचे शहर. हितेंद्र आणि महेंद्र महाजन या येथील डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली होती. ग्रॅव्हल हा प्रकार त्या मानाने नवा. त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत झाली. सायकल नवी असली, तरी तिच्या चाकाखालची वाट जुनी आहे. ती कोणी केली, कशासाठी केली आणि अजून कच्ची का राहिली, हे पाहणे हा या लेखाचा हेतू.

सुरुवात दगडापासून करावी लागते. हा सारा मुलूख लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. या खडकाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. मूळ स्कँडिनेव्हियन शब्दाचा अर्थ पायरी. धोडपपासून अंकाई-टंकाईपर्यंतचे कातळकडे पाहिले की ते नाव पटते. न कुजलेला काळा पाषाण फोडला की खडी मिळते आणि हवापाण्याने कुजलेला खडक खणला की मुरूम. खडी भार पेलते, मुरूम पाणी पिऊन तिला धरून ठेवतो. स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फोडलेल्या बारीक दगडांच्या रस्त्याची जी पद्धत रूढ केली, तिला लागणारा माल आपल्याकडे पायाखालीच पडलेला होता.

मात्र त्याआधी इथल्या महत्त्वाच्या वाटा सपाटीवर नव्हत्या, खिंडींत होत्या. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांची दाऊदखानाच्या फौजेशी गाठ पडली, ती याच रांगेतल्या कांचन-मांचनच्या घाटाजवळ. खानदेश आणि गोदाखोरे यांच्यामधली भिंत जिथे ओलांडता येते, तिथे गड उभे राहिले. गड म्हणजे वाटेवरचा पहाराच. १८१८ मध्ये इंग्रजांनी अंकाई-टंकाई, राजधेर, त्र्यंबक असे गड एकामागून एक घेतले आणि अनेक ठिकाणी वर जाणाऱ्या पायऱ्या मोडून टाकल्या. पुढच्या काही दशकांत त्याच सत्तेने सपाटीवरची आग्रा सडक बांधून काढली. डोंगरातली वाट मोडायची आणि मैदानातली घडवायची, ही एकाच राज्यकारभाराची दोन अंगे होती. १८६० च्या दशकात रेल्वे थळ घाट चढून आली, तीही निफाड, लासलगावकडून मनमाडला गेली. ओझर सडकेचेच गाव राहिले.

आसपासच्या गावांना जोडणाऱ्या वाटांचा इतिहास मात्र राजांचा नाही. जुन्या गावनकाशांत त्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात: पायवाट, गाडीवाट, दोन गावांच्या हद्दीवरचा शिवरस्ता, दोन शेतांमधली पाणंद. शेताला वाट मिळण्याचा हक्क १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमात आहे, १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही आहे. तरीही वाटेवरून होणारे तंटे तहसील कचेरीत वर्षानुवर्षे चालतात. कागदावरची तुटक रेषा बैलगाडी जाईल एवढी रुंद करणे, हेच गावोगावचे राजकारण असते.

त्या वाटांवर मुरूम पडला, तो मुख्यतः दुष्काळात. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर सरकारी कामे निघाली आणि १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे त्यांवर राबत होती. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या कामांतून रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. नालाबांध, पाझर तलाव यांच्या बरोबरीने सर्वांत सहज काढता येणारे काम म्हणजे रस्ता. ‘खडी फोडणे’ हा आपल्या भाषेत शिक्षेचा शब्द. त्या वर्षी मात्र तो पोट भरण्याचा शब्द झाला. पुष्कळ रस्त्यांना गटार नव्हते, मोऱ्या नव्हत्या; पहिल्याच चांगल्या पावसात मुरूम वाहून गेला आणि ‘रोहयोचा रस्ता’ हे कच्च्या कामाचे नाव पडले. पण रस्त्याची आखणी टिकली. आज सायकलवाल्याला ‘निसर्गरम्य’ वाटणाऱ्या कितीतरी वळणांची पहिली पाटी कुणीतरी उपाशीपोटी डोक्यावरून वाहिलेली आहे.

दुसऱ्या जातीची कच्ची वाट म्हणजे कालव्याच्या काठची. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याचे शेपूट ओझरकडे येते आणि शेपटाला पाणी पोचत नाही, हे आपल्याकडचे जुनेच दुखणे. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९०-९१ च्या सुमारास येथे महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे सगळा प्रकल्पच शेतकऱ्यांच्या २४ संस्थांच्या हाती आला आणि २००५ मध्ये अशा व्यवस्थापनाचा कायदाही झाला. कालवा सांभाळायचा तर त्याच्या काठची वाट सांभाळावी लागते. पाटकरी तिच्यावरून फिरतो, गाळ काढायचे यंत्र तिच्यावरून येते. म्हणून ती तयार झाली आणि म्हणूनच टिकली.

इटलीतल्या टस्कनीत पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवर डांबर चढू लागले, तेव्हा ते वाचवण्याच्या इराद्याने १९९७ मध्ये गायोले गावातून ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. आज त्या रस्त्यांवर जग लोटते. आपणही तसे करावे, असे वाटणे साहजिक आहे. तिथेही वेल द्राक्षाचे आणि इथेही. पण तिथले द्राक्ष मुख्यतः वारुणीसाठी चेचले जाते. ओझर-दिंडोरीचे पुष्कळसे द्राक्ष अखंड घड म्हणून परदेशी जाते. ट्रॅक्टर खड्ड्यात आदळला की मणी गळतात, त्यांच्यावरची लव पुसली जाते आणि वर्षभराच्या औषधफवारणीचा पैसा पॅकहाउसच्या दारात कमी होतो. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, ती याच निकडीतून. त्या शेतकऱ्याला ‘तुझा रस्ता कच्चाच सुंदर दिसतो’ असे सांगण्याचा अधिकार रविवारच्या पाहुण्याला नाही.

मग जपायचे काय? शेताकडची पाणंद पक्की व्हावी; पावसात शाळेला जाणाऱ्या मुलीला ती हवीच आहे. कालव्याच्या काठची वाट मात्र मुरुमाचीच पुरते आणि तिची डागडुजी करणाऱ्या संस्थाही जाग्यावर आहेत. खिंडीतल्या आणि गडांच्या पायथ्याच्या जुन्या वाटांवर चाकाला जे हवे ते सारे आहे. हवी आहे ती त्यांची नोंद, नकाशातल्या तुटक रेषांसकट. ती नोंद करायला सायकलीइतके सोयीचे वाहन नाही. तिचा वेग असा, की मैलाचा दगड वाचता येतो, मोरीचे बांधकाम न्याहाळता येते आणि बांधावरच्या म्हाताऱ्या बाईला विचारता येते, की आजी, हा रस्ता झाला तेव्हा तुम्ही कामावर होता का?