‘पटत नाही’ म्हणजे ‘अशक्य’ नव्हे

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०° असते, हे आपण वर्गात सिद्ध करून दाखवतो. ती १७९° का असू शकत नाही, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर? आपली सिद्धता एका गृहीतकावर उभी आहे : रेषेबाहेरील बिंदूतून त्या रेषेला एक आणि एकच समांतर रेषा काढता येते. युक्लिडच्या पाचव्या गृहीतकाचे हे सोपे रूप. ते इतर गृहीतकांवरून सिद्ध झालेच पाहिजे, अशी गणितज्ञांची शतकानुशतके समजूत होती.

इटलीतील जेझुइट धर्मगुरू जिरोलामो साक्केरी यांनी १७३३ साली अप्रत्यक्ष सिद्धतेचा मार्ग धरला. पायावर दोन समान लंब उभारून त्यांची टोके जोडली, तर वरचे दोन कोन समान असतात. हे पाचव्या गृहीतकाविनाच सिद्ध होते. मग ते काटकोन असतील, विशालकोन असतील किंवा लघुकोन. विशालकोन मानल्यावर विसंगती निघाली. लघुकोन मानल्यावर मात्र ती सापडेना. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° पेक्षा कमी भरू लागली. विचित्र, पण एकमेकांशी जुळणारी प्रमेये निघत गेली. शेवटी, हे सरळ रेषेच्या स्वभावालाच विरुद्ध आहे, असे म्हणून साक्केरींनी तो पर्याय फेटाळला. जे मनाला पटत नव्हते, त्यालाच त्यांनी विसंगती मानले.

पुढे हीच वाट रशियात लोबाचेव्हस्की (१८२९) आणि हंगेरीत यानोश बोल्याय (१८३२) यांनी धरली. पण निघालेली प्रमेये नाकारली नाहीत, तर नवी भूमिती म्हणून मांडली. गाउसही तेथवर पोचले होते. पण लोक ओरड करतील म्हणून आपण ते प्रसिद्ध करत नाही, असे त्यांनी १८२९ मध्ये बेसेल यांना कळवले. १८६८ मध्ये बेल्ट्रामी यांनी या भूमितीची प्रतिकृती युक्लिडच्याच भूमितीत दाखवली. म्हणजे नवी भूमिती विसंगत असेल, तर जुनीही विसंगतच ठरेल!

यातून अनिवार्य काय, ते नेमके कळते. ‘पाचवे गृहीतक मानले, तर बेरीज १८०°’ हे ‘जर-तर’ अनिवार्य आहे. नुसते ‘बेरीज १८०°’ हे मात्र अनिवार्य नाही. प्रत्यक्ष अवकाशाची भूमिती कोणती, हे तर्काने नव्हे, निरीक्षणानेच ठरते.

म्हणून ‘हे असूच शकत नाही’ असे वर्गात कोणी म्हटले, की एकच प्रश्न विचारावा : ‘कशाशी विसंगत आहे?’ उत्तर मिळाले, तर ती सिद्धता. न मिळाले, तर शक्यता अजून खुली आहे.