कोरा कागद आणि पत्राचा मायना



आजचा विषय वरवर किरकोळ वाटेल. भाजीच्या गाडीवरचा मुलगा कालपर्यंत 'काका' म्हणत होता, आज 'आजोबा' म्हणतो. पन्नाशीच्या बाईंना एक जण 'ताई' म्हणतो, दुसरा 'आजी'. आपण हसतो, पण आत कुठेतरी लागतं. समोरच्यानं वय ओळखण्यात चूक केली, असं म्हणून आपण विषय सोडून देतो. पण आपल्याकडे संबोधनातलं वय फक्त जन्मसालावरून कधीच ठरलेलं नाही. मग ते कशावरून ठरत आलं, ते आज बघू.

चांगदेवांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. योगबळानं चौदाशे वर्षं जगलेला हा योगी, असं आख्यायिका सांगते. त्यांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली तेव्हा त्यांचं वय, परंपरेच्या हिशेबानं, एकवीस. म्हणजे पत्र आलं तेव्हा तर पोरसवदाच. चांगदेव मायन्यालाच अडले. 'चिरंजीव' लिहावं तर हा मुलगा ज्ञानानं मोठा, 'तीर्थरूप' लिहावं तर वयानं लहान. शेवटी कागद कोराच पाठवला. एवढी वर्षं जगून कोराच राहिला की, असं मुक्ताबाई म्हणाल्याचं सांगतात. मला मात्र त्या कोऱ्या कागदात प्रामाणिकपणा दिसतो. दोन मापं जुळत नाहीत, हे त्या माणसानं लपवलं नाही.

ही अडचण ज्ञानेश्वरांच्या कितीतरी आधीची आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात एक कथा येते. अंगिरसाचा तरुण मुलगा आपल्या काका-मामांच्या वयाच्या वडीलधाऱ्यांना शिकवत होता. शिकवताना त्यांना 'बाळांनो' म्हणाला. ते संतापले, देवांकडे गेले. देवांनी निकाल दिला: मुलगा बरोबर बोलला; जो जाणत नाही तो बाळ, जो शिकवतो तो बाप. केस पिकले म्हणून कुणी थोर होत नाही, हेही तिथंच सांगितलंय. वा, आपण म्हणतो, किती उदार विचार! पण थांबा. त्याच अध्यायात असंही आहे की दहा वर्षांचा ब्राह्मण आणि शंभर वर्षांचा क्षत्रिय यांचं नातं बाप-लेकाचं समजावं, आणि त्यात बाप कोण, तर ब्राह्मण. इथं ज्ञानाची परीक्षा कुणी घेतली? दहा वर्षांच्या मुलानं नुसता जन्म घेतला आणि तो शंभरीच्या माणसाचा बाप झाला. ज्ञानाचं माप कधी जन्माच्या हाती गेलं, ते कळलंसुद्धा नाही.

पुढं आपल्या गावगाड्यात हे रोज घडत होतं. सत्तरीचा महार म्हातारा वाड्याच्या दारात उभा, आणि वाड्यातलं आठ वर्षांचं पोर त्याला 'अरे' म्हणून हाक मारतंय. त्यानं मात्र त्या पोराशी अदबीनं बोलायचं. त्या म्हाताऱ्याचं अख्खं वय त्या एका 'अरे'नं पुसलं जात होतं. म्हणूनच डॉ. आंबेडकरांना, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही 'बाबा' म्हणू लागली, याला मी नुसती भक्ती म्हणणार नाही. ज्यांना कुणी कधी वडीलपण दिलं नव्हतं, त्यांनी आपला वडील स्वतः निवडला.

आता उलटी बाजू बघा. काहींचं वय काढून घेतलं, तसं काहींवर लादलं. पेशवाईतल्या पत्रांत अहिल्याबाई होळकरांना 'गंगाजल निर्मल मातुश्री' असा मायना येतो. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले, तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. पण त्यांच्या 'मातुश्री'मागे पुढं राज्यकारभार उभा राहिला. 'गंगाभागीरथी' हा तसाच आदराचा मायना. पण तो दहा-बारा वर्षांच्या बालविधवेच्या नावामागे लागला की त्याचा अर्थ एवढाच उरायचा: तू आता म्हातारी झालीस. खेळणं संपलं, केस गेले, रंगीत लुगडं गेलं. शब्द पवित्र, आणि काम मात्र बालपण हिरावण्याचं. १८५६ च्या कायद्यानं पुनर्विवाहाला परवानगी दिली, पण कायद्यानं मायना बदलत नाही. लहानपणीच विधवा झालेल्या गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात १८८९ साली शिकायला आल्या आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचं लग्न झालं. मुरुड गावानं कर्व्यांवर बहिष्कार घातला. म्हातारी ठरवलेली मुलगी पुन्हा तरुण झाली, हे गावाला सोसलं नाही. आणि हे सगळं फार जुनं झालं असंही समजू नका. एप्रिल २०२३ मध्ये 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरावा, असा प्रस्ताव राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढं आला, आणि त्यावर बायकांनीच कडाडून टीका केली.

मग योग्य संबोधन ओळखायचं कसं? शब्दावरून ओळखता येत नाही. 'तू' हाच शब्द घ्या. मराठीत आपण आईला 'तू' म्हणतो, देवाला 'तू' म्हणतो, आणि त्या म्हाताऱ्यालाही 'तू'च म्हटलं जात होतं. फरक एवढाच की आईसुद्धा मला 'तू' म्हणते. त्या म्हाताऱ्याला ते 'तू' परत करण्याची सोय नव्हती. बालविधवेलाही 'गंगाभागीरथी' नको, असं म्हणता येत नव्हतं. माझ्या मते कसोटी हीच. दिलेलं संबोधन समोरच्याला परत करता येतं का? नाकारता येतं का? येत असेल तर तो आदर किंवा प्रेम. नाहीतर ती सत्ता, मग शब्द कितीही गोड असो.

त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर पाठवलं, तीच चांगदेव पासष्टी. तिच्यात ते 'तीर्थरूप' म्हणत नाहीत की 'चिरंजीव' म्हणत नाहीत. 'चांगया' म्हणतात, 'तू' म्हणतात, आणि पाहणारा आणि पाहिला जाणारा वेगळे उरत नाहीत, हे समजावून सांगतात. असं सांगणाऱ्याला चौदाशे वर्षांच्या माणसाला 'तू' म्हणण्याचा अधिकार होता, कारण तेच 'तू' ऐकून घ्यायलाही तो तयार होता.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि हो, मला 'सर' म्हणा, 'काका' म्हणा, 'आजोबा' म्हणा, चालेल. फक्त मीही तुम्हाला काहीतरी म्हणणार, एवढं लक्षात ठेवा.