ध्वनिमुद्रणापूर्वीच्या दोन जुळण्या : सॅम्पल रेट आणि क्लॉक

खानदेशात आखाजीची झोक्यावरची गाणी, श्रावणातील कानबाईची गीते आणि जात्यावरच्या ओव्या अनेकदा घरातील ज्येष्ठ स्त्रियांनाच पाठ असतात. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या रचना घरच्यांनी उतरवून घेतल्या आणि १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या, म्हणून त्या आज वाचता येतात. मात्र कागदावर शब्द राहतात. चाल आणि बोलीचा हेल ध्वनिमुद्रणातच टिकतो. जळगाव-धुळ्याच्या एखाद्या घरात हे काम मायक्रोफोन, लॅपटॉप आणि डिजिटल ऑडिओ इंटरफेस एवढ्या साहित्यावर होऊ शकते. त्यासाठी इंटरफेसच्या दोन जुळण्या आधी अचूक करणे आवश्यक ठरते.

सॅम्पल रेट

इंटरफेस आवाजाचे दर सेकंदाला किती वेळा मोजमाप घेतो, त्या संख्येला सॅम्पल रेट म्हणतात. ही संख्या टिपावयाच्या सर्वोच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक असावी लागते. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येत असल्याने सीडीसाठी ४४,१०० आणि चित्रफितींसाठी ४८,००० हर्ट्झ हे दर रूढ झाले. जतनासाठी ४८,००० हर्ट्झ व २४ बिट ही निवड योग्य ठरते. या दराने एक तासाचे स्टिरिओ मुद्रण सुमारे एक गिगाबाइट जागा घेते.

इंटरफेस, संगणकाची ध्वनिव्यवस्था आणि मुद्रणाचे सॉफ्टवेअर या तिन्ही ठिकाणी एकच आकडा हवा. ४४,१०० दराचे मुद्रण चुकून ४८,००० दराने वाजल्यास तासाभराचे गायन सुमारे ५५ मिनिटांत संपते. काळी एकमध्ये म्हटलेले गाणे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कोठेतरी ऐकू येते. आजीचा आवाज तरुण भासतो आणि चालीचा ठहराव नाहीसा होतो.

क्लॉक

ही मोजमापे कोणत्या ठेक्यावर घ्यावीत, हे क्लॉक ठरवते. मायक्रोफोन थेट इंटरफेसला जोडला असेल, तर क्लॉक ‘इंटर्नल’ ठेवावे. डिजिटल मिक्सर किंवा वेगळा प्रीअॅम्प्लिफायर एसपीडीआयएफ अथवा एडॅट केबलने जोडल्यास त्यांपैकी एकाच यंत्राचे क्लॉक प्रमुख मानावे. त्या यंत्रावर ‘इंटर्नल’ आणि दुसऱ्यावर ‘एक्स्टर्नल’ किंवा त्या डिजिटल इनपुटचे नाव निवडावे.

दोन्ही यंत्रे आपापल्या ठेक्यावर चालली आणि त्यांच्यात दहा लाखांत केवळ ५० एवढा फरक असला, तरी ४८,००० दराला सेकंदागणिक दोन-तीन मोजमापे कमी-अधिक होतात. त्यातून मुद्रणात ‘टक् टक्’ असे आवाज शिरतात. बफर वाढवूनही ते थांबले नाहीत, तर क्लॉक तपासावे.

या दोन चुकांत महत्त्वाचा भेद आहे. फायलीवर सॅम्पल रेटची नोंद चुकीची पडली असेल, तर ती बदलून मूळ वेग परत मिळवता येतो. क्लॉक न जुळल्याने गळालेली मोजमापे मात्र परत येत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष गायनापूर्वी पाच मिनिटांचे चाचणी मुद्रण करावे, ते हेडफोनवर ऐकावे आणि त्याची लांबी घड्याळाशी ताडून पाहावी. गाणारी आजी समोर बसलेली असतानाच ही खात्री झाली पाहिजे. तोच सूर पुन्हा मिळेल, याची शाश्वती नसते.