डब्यातला भोपळा आणि माळ्यावरचा भोपळा

मराठीत नुसतं 'भोपळा' म्हटलं की आज लाल भोपळाच आठवतो. पण हा शब्द मुळात त्याचा नाही. आपल्याकडचा जुना भोपळा म्हणजे दुधी. त्याच्याच वर्गातल्या वाळलेल्या तुंब्यातून वीणा झाल्या, गोसाव्यांची पाण्याची भांडी झाली. लाल भोपळा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या गिला नाकित्स गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सापडल्या, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या. कोलंबस १४९२मध्ये तिकडे पोचला, तोवर हे फळ आपल्या बाजूला नव्हतंच.

आमच्या मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याजवळून नाणेघाट चढतो. वर लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञात दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापणं त्यात मोजली आहेत. तो लेख कोरला जात होता तेव्हा पायथ्याच्या एकाही छपरावर लाल भोपळ्याचा वेल नव्हता. पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतला, १५३४मध्ये वसई. मिरची, काजू, पेरू ज्या समुद्री वाटेने आले, त्याच वाटेने भोपळाही आला असं मानतात. आज तो इतका आपला झालाय की घारग्यांना कुणी परदेशी म्हणणार नाही.

आता डब्याकडे. डबाबंद भोपळा म्हणजे शिजवून घोटलेला गर, बाकी काही नाही. १९२९मध्ये लिबीज कंपनीने इलिनॉयमधल्या डिकिन्सन कुटुंबाचा कारखाना घेतला. त्यांचा 'डिकिन्सन' वाण आणि आपल्याकडचा बहुतेक लाल भोपळा वनस्पतिशास्त्रात एकाच जातीचे: कुकुर्बिटा मोशाटा. म्हणजे ऑनलाइन मागवलेल्या महागड्या डब्यात मुरबाडच्या बाजारातल्या भोपळ्याचा चुलतभाऊच असतो.

'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४मध्ये तयार झाला. अंडं नाही, दूधही नाही. केकमध्ये अंडं तीन कामं करतं: मिश्रण बांधतं, ओल धरतं, हवा कोंडतं. भोपळ्याचा गर पहिली दोन बऱ्यापैकी करतो. एका अंड्याला साधारण ६० ग्रॅम पुरतो. तिसरं मात्र त्याला जमत नाही, म्हणून सोडा आणि चमचाभर व्हिनेगर.

माझी आजी माळकरी. दूध-तूप खाते, अंडं नाही. गावात पोरांचे वाढदिवस आता केकवरच होतात, आणि त्या वेळी ती हळूच उठून पडवीत जाऊन बसते. तिला कुणी मुद्दाम वगळत नाही, पण ती वगळली जाते. मला या गराचं महत्त्व तिथे कळलं.

त्यासाठी डबा लागत नाही. अमेरिकेत सोलण्या-शिजवण्याची मेहनत वाचते म्हणून डबा खपतो. आपल्याकडे पिकलेला अख्खा भोपळा माळ्यावर महिनोन्‌महिने टिकतो. त्याची साल हाच त्याचा डबा. फोडी वाफवा, घोटा, फडक्यात तासभर टांगून पाणी काढा. आपला भोपळा जास्त पाणी सोडतो, ही पायरी गाळली तर केक मध्येच बसतो.

आणि घारगे? किसलेला भोपळा गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढंच पीठ, तेलात तळायचं. अंडं नाही, दूध नाही, वरून पाणीही नाही. 'आमच्याकडे हे आधीपासूनच होतं' असं म्हणायचा मोह होतो. पण पाहुण्या भोपळ्याला घरचा करून घेणाऱ्या बायकांनी ते केलं. आपण आता पाहुण्या केकला घरचा करतोय, एवढंच.