‘तत्कालीन’ म्हणजे नेमके कधीचे?

इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम ज्याच्या वाट्याला येते त्याला एक शब्द पानोपानी भेटतो. तो शब्द म्हणजे ‘तत्कालीन’. तत्कालीन राजे, तत्कालीन समाज, तत्कालीन इंग्रज. वाक्याला जरा भारदस्तपणा आणावयाचा असला की हे विशेषण पुढे करावे, असा जणू रिवाजच पडून गेला आहे. विद्यार्थ्यांना तरी एकट्यांना का बोल लावा? वर्तमानपत्रे, सभेतले वक्ते, गावोगावच्या स्मरणिका, सगळीकडे तो आहेच. शब्द चांगला आहे. पण इतिहासात काळच चुकला तर पुढचे सारेच चुकते, म्हणून त्याच्याकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे.

प्रथम त्याची घडण पाहू. ‘तत्’ म्हणजे ते, ‘काल’ म्हणजे वेळ, आणि पुढे ‘ईन’ हा प्रत्यय. त्या काळचा तो तत्कालीन. म्हणून ‘ली’ दीर्घच लिहावयाची. मराठीत हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही: तत्कालीन राजा, तत्कालीन राणी, तत्कालीन राज्य. याचा एक भाऊबंद आहे ‘तात्कालिक’. त्याला ‘इक’ प्रत्यय लागतो, पहिल्या अक्षराचा ‘ता’ होतो आणि ‘लि’ ऱ्हस्व राहते. या दोघांची मोट बांधून काहीजण ‘तात्कालीन’ असा तिसराच शब्द लिहितात. तसा शब्द नाही.

पण शुद्धलेखनाची चूक एक वेळ सोडून देता येईल. अर्थाची चूक सोडता येत नाही. ‘१८५७ च्या उठावाची तत्कालीन कारणे लिहा’ असा प्रश्न मी छापलेला पाहिला आहे. विचारणाऱ्याला म्हणावयाचे होते ‘तात्कालिक कारण’, म्हणजे ज्याने ऐनवेळी ठिणगी टाकली ते कारण. ते म्हणजे चरबी लावलेल्या काडतुसांचे प्रकरण. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. मेरठला काडतुसे नाकारणाऱ्या ८५ स्वारांना ९ मे रोजी शिक्षा सुनावली गेली आणि दुसऱ्याच दिवशी तेथे भडका उडाला. हे झाले तात्कालिक. आता ‘तत्कालीन कारणे’ म्हणाल, तर त्या काळात जी जी कारणे हजर होती ती सारीच त्यात येतील. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले, १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी गेली, १८५६ मध्ये अयोध्या गेली. दुसऱ्या बाजीरावांच्या मृत्यूनंतर नानासाहेबांचा तनखा बंद झाला. समुद्रापलीकडे जाण्याची अट शिपाईभरतीत घातली गेली. एका शब्दाने प्रश्नाचे पोट एवढे वाढते. उलट चूक केलीत तर ती अधिक वाईट. सगळा उठाव काडतुसांवर ढकलला, की राज्ये गिळणाऱ्यांना अलगद मोकळे सोडल्यासारखे होते.

आता व्यक्तींकडे वळू. ‘१८५७ साली उठाव झाला तेव्हा तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी…’ असे वाक्य सुरू झाले, की तेथेच थांबावे. डलहौसी १८५६ मध्येच हिंदुस्थान सोडून गेले होते. उठावाच्या वेळी त्या जागेवर कॅनिंग होते. उठावाच्या मातीत डलहौसींनी पेरलेले पुष्कळ होते हे खरे, पण ‘तत्कालीन’ हे पद कॅनिंग यांच्याकडेच जाते. डलहौसींना त्या वाक्यात ‘माजी’ म्हणावे लागेल.

‘माजी’ शब्द आलाच आहे तर त्याचेही सांगून टाकतो. बोलताना आपण ‘माजी’ बहुधा आजपासून मोजतो. ‘तत्कालीन’ मात्र घटनेपासून मोजावयाचे असते. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. ते कोणी केले? ‘माजी पंतप्रधान नेहरू यांनी’ असे लिहाल, तर अधिकार सोडलेला कोणी गृहस्थ गडावर आला होता असा वाचकाचा समज होईल. तेथे ‘तत्कालीन पंतप्रधान’ हवे. (तसे पाहिले तर नेहरू १९६४ मध्ये पदावर असतानाच वारले. काटेकोर बोलावयाचे तर ते कधी ‘माजी’ झालेच नाहीत!)

शब्द कोठे ठेवता यालाही महत्त्व आहे. ‘तत्कालीन मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण’ हे ठीक, कारण ते मुंबई राज्यच १ मे १९६० पासून राहिले नाही. पण पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी. तेव्हाची हकीगत सांगताना ‘तत्कालीन महाराष्ट्राचे मुख्यमंत्री’ म्हटले, तर महाराष्ट्र आज नाहीसा झाला की काय, अशी शंका यावी. ‘महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री’ म्हणा. विशेषण ज्याचे आहे त्याच्या शेजारी बसले की भानगड मिटते. आणि कृपा करून ‘त्या वेळचे तत्कालीन दिवाण’ म्हणू नका. एकाच माणसाला दोन वेळा बोलावल्यासारखे ते होते.

याहून नाजूक प्रकार पानिपताचा. ‘पानिपतानंतर तत्कालीन पेशव्यांनी निजामाचा पराभव केला.’ कोणत्या पेशव्यांनी? १४ जानेवारी १७६१ ला युद्ध झाले तेव्हा गादीवर नानासाहेब होते. २३ जून १७६१ ला ते वारले आणि माधवराव पेशवे झाले. राक्षसभुवनची लढाई १० ऑगस्ट १७६३ ची, ती माधवरावांच्या कारकिर्दीतली. ‘तत्’ म्हणून बोट दाखवताना बोट कोठे रोखले आहे हे स्वतःला ठाऊक हवे. एकाच वर्षात दोन पेशवे असतील तर सरळ नाव लिहावे हे बरे. शिवाय आपला घरचा ‘तेव्हाचा’ हा शब्द काही वाईट नाही. तेव्हाचा पेशवा, तेव्हाची पुण्याची वस्ती. ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

असाच घोटाळा ‘समकालीन’ शब्दाने साधनांच्या बाबतीत होतो. कृष्णाजी अनंत सभासद शिवछत्रपतींच्या पदरी होते. त्यांना समकालीन म्हणण्यास हरकत नाही. पण त्यांची बखर महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांनी राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली. माणूस समकालीन, लेखन नंतरचे. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनची नोंद मात्र त्याच वेळची. याउलट मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. तिघांना एका पंक्तीत बसवून ‘समकालीन साधने सांगतात’ असे म्हणणे धाडसाचे आहे. १८९८ मध्ये राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यात त्यांनी पानिपताच्या सुमाराची अस्सल पत्रे छापली आणि प्रस्तावनेत बखरींना धारेवर धरले, ते याच कारणासाठी.

शेवटी ‘तत्कालीन समाज’ या जोडीविषयी. मला ती सर्वांत धोक्याची वाटते. ‘तत्कालीन समाज स्त्रीशिक्षणाच्या विरुद्ध होता’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात असते, भाषणात असते, आणि ऐकणारा मान डोलावतो. काळ कोणता? समजा १८४८. त्या वर्षी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. शाळेला जागा दिली तात्यासाहेब भिड्यांनी, आपल्या वाड्यात. त्याच वर्षी लोकहितवादींची शतपत्रे ‘प्रभाकर’ पत्रात येऊ लागली आणि त्यांनी रूढींवर कोरडे ओढले. मुलींचा हात धरून त्यांना शाळेत पोचवणारे आईबापही होतेच. ही सारी माणसे १८४८ ची नव्हती काय? ती काय आपल्या काळातून उसनी नेली होती? फुल्यांना ‘काळाच्या पुढे’ नेऊन बसवले, की त्यांना विरोध करणारे तेवढे ‘तत्कालीन’ उरतात, आणि मग त्यांनी केले ते काळानेच केले असे होऊन जाते. वस्तुतः दोन्ही पक्ष एकाच गावात, एकाच पेठांतून वावरत होते. एकाने शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल टाकला, दुसऱ्याने शाळेला वाडा दिला. म्हणून लिहावयाचेच असेल तर ‘तत्कालीन पुण्यातील पुष्कळांचा मुलींच्या शिक्षणाला विरोध होता’ असे लिहा, आणि पुढच्या वाक्यात भिड्यांचा वाडा येऊ द्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला तोही तत्कालीन पुण्यातच, भर वस्तीत.